दोन इंच लिफ्ट आणि ३३ इंची टायर? आधी गाडीखाली शिरून बघा

पत्र (थोडं संक्षिप्त करून): माझी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप आहे, फोर-बाय-फोर, खाजगी पासिंगची. राजापूर तालुक्यात हापूसची बाग आहे. सीझनला क्रेट भरून अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला जातो, पावसाळ्यात खताची पोती घेऊन बागेत. सड्यावरून बागेत उतरणारी पाणंद दर पावसाळ्यात खचते, मध्ये एक पऱ्या (ओढा) आहे. गेल्या जुलैत गाडी दोनदा अडकली. पुण्याचा पुतण्या म्हणतो, दोन इंच लिफ्ट करून (म्हणजे गाडी उंच करून) ३३चे, म्हणजे ३३ इंच व्यासाचे टायर टाका, काका, विषय संपेल. एका गॅरेजने पावणेदोन लाखांचं एस्टिमेट दिलंय. गाडीत आईलाही दवाखान्यात न्यावं लागतं, तिचं वय झालंय. करू का?

उत्तर:

नमस्कार. एस्टिमेट आलंय, पण ॲडव्हान्स दिल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे वेळ अजून गेलेली नाही. माझं मत आधीच सांगतो: ३३चे टायर नकोत, लिफ्ट आत्ता नको. चांगले ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हींवर चालणारे) टायर मात्र नक्की टाका, आणि तेही या पावसाआधी. असं का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण पुतण्याला पटवायचं काम तुम्हालाच करायचंय.

गाडी दोनदा अडकली एवढंच तुम्ही लिहिलंत. कशी अडकली हे पत्रात नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच आहे. चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी हलत नव्हती, की चाकं फिरायला मोकळी होती पण गाडीचं पोटच मातीवर टेकलं होतं? पहिल्या प्रकारात दोष टायरच्या नक्षीचा आणि हवेचा. तिथे दहा इंच उंची वाढवली तरी गाडी तशीच घसरणार. दुसऱ्या प्रकारात उंचीचा प्रश्न येतो, पण तिथेही नेमका कुठला भाग टेकला हे कळल्याशिवाय पैसे घालू नका.

तर एक काम करा. सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढवतील तेव्हा खालून धुवून घ्या आणि बॅटरी घेऊन स्वतः बघा. टेकलेली जागा लपत नाही. रंग गेलेला असतो, लोखंड चकाकतं, जांभ्याची लाल भुकटी खाचेत बसलेली असते. ओरखडे फूटबोर्डावर असतील, तर फूटबोर्ड काढून टाका किंवा चेसिसला बसणारा भक्कम स्लायडर (बाजूचा लोखंडी पाइप) लावा, काम झालं. मागच्या बंपरला किंवा खाली लटकलेल्या स्टेपनीला असतील, तर सीझनला क्रेट भरल्यावर मागची बाजू किती बसते ते टेप लावून मोजा. पुढच्या स्किड प्लेटला (खालच्या संरक्षक पत्र्याला) असतील, तर प्लेट जाड करून घ्या. त्या प्लेटचं कामच मार खाण्याचं आहे.

आणि ओरखडे मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर (एक्सलच्या मधोमध, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या खोक्यावर) असतील, तर हे नीट वाचा. तुमच्या गाडीचा मागचा एक्सल सरळ आहे, पाट्यांना (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगला) यू-बोल्टने आवळलेला. लिफ्ट केल्यावर उंच होते ती चेसिस, केबिन आणि हौदा. एक्सल आहे तिथेच राहतो, कारण तो चाकांना धरून आहे. चाकोरीमधल्या उंचवट्याला डिफरन्शियल घासत असेल, तर दोन इंचांच्या लिफ्टने त्यात एका मिलिमीटरचाही फरक पडणार नाही. तो गोळा फक्त मोठ्या टायरने वर जातो, आणि तेही टायर जितका वाढला त्याच्या निम्म्यानेच.

आता तेच गणित करू. तुमचा टायर २५५/६० आर१८ असणार, बाजूवर बघून खात्री करा. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे बाजूची भिंत त्या रुंदीच्या ६० टक्के, १८ म्हणजे रिम किती इंचांची. त्यावरून टायरचा व्यास निघतो साधारण ७६३ मिमी. '३३चे' म्हणून जो २८५/७० आर१७ बसवतात, त्याचा व्यास भरतो ८३१ मिमी. फरक ६८ मिमी, म्हणजे डिफरन्शियल वर गेला ३४ मिमी. दीड इंचाहूनही कमी. पावणेदोन लाखांतून तुमच्या पाणंदीला नेमकं एवढंच मिळणार.

उंचीचा खरा उपयोग कुठे होतो हेही सांगायला हवं. व्ही-क्रॉसच्या पुढच्या-मागच्या चाकांत ३,०९५ मिमी अंतर आहे आणि ग्राउंड क्लिअरन्स २२५ मिमी. एवढ्या लांब गाडीचं पोट बांधावरून किंवा खणलेल्या चरावरून जाताना मधोमध टेकतं. तिथे लिफ्टचा फायदा शंभर टक्के होतो. तुमच्या ओरखड्यांची जागा चेसिसच्या मधोमध असेल, तर मी माझं मत बदलायला तयार आहे. पण पत्रावरून मला तसं वाटत नाही.

३३च्या टायरची किंमत बिलात संपत नाही, आणि ती जास्त करून घाटात मोजावी लागते. नवा व्यास जवळजवळ ९ टक्क्यांनी मोठा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा टायरच्या हिशेबाने वेग ८७च्या आसपास असेल. किलोमीटरही कमी पडतील: मीटरवर १०,००० होतील तेव्हा गाडी जवळपास १०,९०० पळालेली असेल, म्हणजे ऑइल बदलायला उशीर. याच्याशी जुळवून घेता येतं. ब्रेकशी जुळवून घेणं अवघड आहे. चाकाची त्रिज्या वाढली की तेवढंच थांबायला ब्रेकला तितक्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो, आणि जाड टायर वजनालाही भारी. तुमच्या गाडीला पुढे डिस्क आहेत, मागे ड्रम. क्रेट भरलेली गाडी घेऊन अणुस्कुऱ्याच्या वळणांवरून उतरताना तुम्ही बहुतेक तिसऱ्या गिअरवर इंजिनाने गाडी आवरत असाल. मोठा टायर लावला की तोच तिसरा गिअर लांब होतो, इंजिनाची पकड सुमारे आठ टक्क्यांनी सैल पडते. मग पाय ब्रेकवर जास्त वेळ राहतो आणि ब्रेक तापतात. चढावरही तेच, फक्त उलट बाजूने: इंजिन दमतं, गिअर खाली टाकावा लागतो, डिझेल जास्त जातं.

दुसरी गोष्ट उलटण्याची. गाडी किती स्थिर आहे याचा एक सोपा आकडा आहे: डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचं निम्मं भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. अमेरिकेत एनएचटीएसए ही सरकारी संस्था गाड्यांना उलटण्याबद्दलचं रेटिंग देताना मुख्यतः हाच आकडा धरते. आकडा जितका लहान, तितकी गाडी उलटायला सोपी. समजा चाकांमधलं अंतर १,५७० मिमी आणि गुरुत्वमध्य ७२० मिमीवर, तर उत्तर येतं १.०९. लिफ्ट आणि टायर मिळून तो मध्य ७० मिमी वर गेला, की उत्तर ०.९९. ही रिकाम्या गाडीची गोष्ट झाली. हौद्यात क्रेटच्या थप्प्या लावल्यात की तो आणखी वर जातो. सरळ रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही. जाणवतं ते वळणावर समोरून एसटी अंगावर आल्यावर स्टिअरिंग झटक्यात फिरवावं लागतं तेव्हा.

आईबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्यासाठी ती मोठी आहे. दोन इंच लिफ्ट आणि हे टायर मिळून गाडीची पायरी ८४-८५ मिमी वर जाईल. ज्या माणसाला आत्ताच हँडल धरून चढावं लागतं, त्याला एवढ्याने दुसऱ्याचा हात लागतो. शिवाय उंच बॉनेटमुळे गाडीच्या अगदी पुढ्यातलं कमी दिसतं. अंगणात नातवंडं खेळत असतील तर याचा आधी विचार करा.

लिफ्ट कशी करतात तेही थोडं सांगतो, म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलताना तुम्हाला नेमकं विचारता येईल. बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस आणि केबिन यांच्यामध्ये ठोकळे घालणं. त्याने पोट वर जात नाही, फक्त मोठ्या टायरला जागा होते. तुमच्या कामाची नाही. सस्पेन्शन लिफ्टमध्ये पुढे बहुतेक जण शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर बसवतात. शॉकअप खालच्या आर्मच्या मध्याजवळ बसलेला असल्यामुळे एका इंचाच्या स्पेसरने चाकापाशी जवळजवळ दोन इंच मिळतात. ऐकायला स्वस्त आणि मस्त. पण पुढच्या एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकांना ताकद पोचवणारे वळते सांधे) त्यामुळे कायम तिरक्या कोनात फिरू लागतात, बॉलजॉइंट टोकाला जातात, आणि गाडी खड्ड्यातून वर येताना चाक पूर्ण खाली लटकलं की आतून ठक्क असा आवाज येतो. चार-सहा महिन्यांत रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, चिखल आत जातो. अलाइनमेंटमध्ये कॅम्बर-कॅस्टर (चाकांचे कोन) जागेवर येत नाहीत म्हणून मग वरचे आर्म बदला, म्हणजे आणखी खर्च. एस्टिमेटमध्ये वरचे आर्म आहेत का बघा. नसतील, तर ते एस्टिमेट अर्धंच आहे.

मागे पाट्यांखाली ठोकळा घालतात, नाहीतर एक जादा पाटा टाकतात. ठोकळा मला भारवाहू गाडीत अजिबात आवडत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की एक्सल पाट्यांना पिळतो, आणि ठोकळ्याने त्या पिळाला जास्त लांबीची तरफ मिळते. जादा पाटा चांगला, पण तुमचं वर्ष डोळ्यांपुढे आणा. वजन भरता मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. चिखल असतो जून ते सप्टेंबर, आणि तेव्हा हौद्यात खताची काही पोती, बाकी दिवस गाडी रिकामीच. लोडच्या हिशेबाने कडक पाटे टाकलेत, तर उरलेले नऊ-दहा महिने मागची बाजू रिकामी उड्या मारेल आणि ओल्या डांबरावर वळणात सरकेल. सीझनला गाडी फारच बसत असेल तरच मध्यम जोराचा पाटा घाला. त्याआधी आरसी बुक काढा. त्यावर रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा, त्यातून बसणाऱ्या माणसांचं वजन काढा. जे उरेल तेवढाच माल कायद्याने भरता येतो. खाजगी पासिंगच्या पिकअपमध्ये हा आकडा बघून बरेच जण चमकतात. लिफ्ट किंवा जादा पाटा या आकड्यात एक किलोचीही भर घालत नाही, हे गॅरेजमध्ये कुणी सांगत नाही.

काही पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ एक दांडी असते. चेसिस खाली बसली की गाडी भरलेली आहे असं समजून ती मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. अशा गाडीत नुसती लिफ्ट केली, दांडी पुन्हा सेट केली नाही, तर गाडी भरलेली असतानाही ब्रेकला ती रिकामीच वाटते. तुमच्या गाडीत ती आहे का, मेकॅनिकला हात लावून दाखवायला सांगा. त्याला दांडीचं नावही माहीत नसेल, तर त्याच्याकडून लिफ्ट करून घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रस्त्यावर लिफ्ट केलेल्या गाड्या दिसतात हे खरं, पण तुमचा खरा धोका चौकातला पोलीस नाही. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली वाकला, तर तुम्ही न कळवलेला बदल क्लेम अडवायला पुरेसा ठरू शकतो. जे काही कराल ते आधी आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारून करा. गॅरेजवाल्याचं 'काही होत नाही साहेब' हे उत्तर धरू नका. वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरलाही विचारा.

मग करायचं काय? टायर. साईज शक्यतो २५५/६० आर१८ हीच ठेवा, किंवा त्याच गाडीच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेली. कुणी २६५/६० आर१८ सुचवेल. त्याचा व्यास १२ मिमीच जास्त, बहुधा घासणार नाही, पण उंची मिळते ६ मिमी. त्यासाठी कागदपत्रांचा घोळ कशाला?

नक्षी ऑल-टेरेन घ्या. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) तुमच्या पाणंदीत जास्त चांगले चालतील, हे मान्य. पण त्या पाणंदीत तुम्ही दिवसाला जेमतेम अर्धा तास असता, बाकी सगळा वेळ ओल्या डांबरावर, आणि तिथे मड-टेरेनचे मोठे ठोकळे डांबराला कमी चिकटतात. आईला घेऊन पावसात घाट उतरायचा असेल तर माझ्या मते ऑल-टेरेनला पर्याय नाही. टायरवर साईजनंतर जो आकडा असतो तो भाराचा: १०८ म्हणजे एका टायरला १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२०. कंपनीच्या टायरवरचा आकडा लिहून न्या आणि त्याहून कमी अजिबात घेऊ नका. टायर पाच घ्या. फोर-बाय-फोरला एक चाक वेगळ्या व्यासाचं चालत नाही. पंक्चर झालं आणि जुनी झिजलेली स्टेपनी लावून फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) चढलात, तर गिअरबॉक्स आणि एक्सल एकमेकांशी ओढाताण करत राहतात. ३३चा टायर मागे हौद्याखाली स्टेपनीच्या जागी बसतो का, हे तरी गॅरेजवाल्याने तुम्हाला सांगितलं होतं का?

टायरबरोबर बारा व्होल्टवर चालणारा चांगला कॉम्प्रेसर आणि हवेचा गेज घ्या. तुमच्या एस्टिमेटमध्ये नसलेली आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी वस्तू हीच. पाणंदीच्या तोंडाशी थांबा, रिकाम्या गाडीची हवा २२ पीएसआयच्या आसपास आणा. टायर खाली पसरतो, मातीवर टेकणारा भाग लांब होतो, आणि जिथे चाक फिरत बसायचं तिथे ते चढून जातं. फोर-एल (चारही चाकांना ताकद, हळू पण जोरदार गिअर) टाका, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला मारझोड न करता हळू जा. डांबरावर परत आलात की आधी हवा भरा, मगच वेग घ्या. कमी हवेत पन्नास-साठने पळवलेला टायर तापून फाटतो. पोती भरलेली असतील तर एवढी हवा कमी करू नका, आणि जिथे जांभ्याचे धारदार दगड वर आलेत तिथे मुळीच नको. बाजूची भिंत दगडाला लागली तर नवा टायर कापला जाईल.

पऱ्यावर मात्र माझ्याकडे यंत्राचा उपाय नाही. वाहतं पाणी गुडघ्याला लागायला आलं की गाडी बाहेर ठेवून द्या. उंच गाडीने धीर येतो, पण पाण्याचा जोर त्याने कमी होत नाही. त्याऐवजी ते लिफ्टचे पैसे पाणंदीवर घाला. खचलेल्या भागात चिऱ्याच्या खाणीतला कपचा टाकून घ्या, पाण्याला बाजूने पाट काढा, आणि शेजारच्या बागवाल्यांशी बोला. रस्ता त्यांचाही आहे, त्यांच्याही गाड्या तिथेच रुतत असणार. सगळे मिळून ग्रामपंचायतीत अर्ज करा. शेतात जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी राज्य सरकारच्या योजना आहेत, तुमचा रस्ता त्यात बसतो का हे तिथे कळेल.

टायर मे संपता संपता टाका, शेवटचा माल उतरला की लगेच. नव्या रबराला सुरुवातीचे काही शे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर मिळाले तर पहिल्या पावसात ते व्यवस्थित धरतात. मग हा जुलै काढा. एवढं करूनही गाडीचं पोट टेकलं, तर रॅम्पवरचे फोटो मला पाठवा: चेसिसच्या मधला भाग, मागचा एक्सल, पुढची प्लेट. सोबत क्रेट भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही वेळी चारही चाकांपाशी मडगार्डच्या कडेपासून रिमच्या मध्यापर्यंत किती अंतर भरतं ते लिहा. मग पाटे बदलायचे की पुढचं काही करायचं, हे त्या आकड्यांवरून सांगता येईल.